पितळेची भरीव पट्टी

“मग पोथी कुणाच्या हाती देणार, आक्का? आज तरी सांगा.”

प्रल्हादनं तिसऱ्यांदा विचारलं. आक्का ओट्यावर बसून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. डाव्या हातानं. उजव्या हाताची तीन बोटं मार्गशीर्षापासून मिटत नव्हती.

“शेंग खातोस?”

“आक्का, मी पोथीचं विचारतोय.”

“ऐकलं. बोटं गेलीत माझी, कान नाही गेले.”

…

बोरविहिरीच्या मठात मूळ गुरूंच्या वचनांची एकच पोथी. चारशे वचनं. कागद असा जीर्ण झालेला की पान उलटलं तर हाताला भुकटी लागायची. म्हणून ती कॉम्प्युटरवर उतरवायला घेतलेली.

उतरवत होत्या आक्का. मठात येण्याआधी त्यांनी बावीस वर्षं मामलेदार कचेरीत टायपिंग केलं होतं. नऊ वर्षांत त्यांनी तीनशे बारा वचनं उतरवली. रोज थोडं, सावकाश, ओठ हलवत.

मठाची रीत कडक. पोथी एका वेळी एकाच हाताची. तो हात थकला तरच दुसऱ्याकडे जायची. आणि ज्या हातानं पोथीत एकदा उमटवलं, त्यानं ती शेवटापर्यंत न्यायची. मध्ये सोडायची नाही.

दुसरी रीत त्याहून कडक. लिहिलेलं पुसायचं नाही. चुकलं तर चुकलं, तसंच ठेवून पुढं जायचं. म्हणूनच पहिल्या दिवशी आक्कांनी कीबोर्डवरची पुसायची कळ मुळासकट उपटून चुलीत घातली होती.

आता आक्कांचा हात थकला होता. त्या जागी बसण्याजोगे मठात दोघेच. एक प्रल्हाद, दुसरे काशिनाथबुवा. काशिनाथबुवा टाइप करायचे ते कोंबडीनं दाणे टिपावे तसं. दोन बोटं, आणि प्रत्येक अक्षराआधी एक उसासा.

तेव्हा पोथी आपल्याकडेच येणार, यात प्रल्हादला शंका नव्हती. पण ते आक्कांच्या तोंडून ऐकल्याशिवाय त्याला राहवत नव्हतं.

कारण होतं. प्रल्हाद तांबटाचा मुलगा. सहा वर्षांपूर्वी बापाचा कारखाना सोडून तो इथं आला, तेव्हा बाप साऱ्या आळीसमोर ओरडला होता, “चार दिवसांत परत येशील! दुसऱ्यांची भांडी घासून पोट भरतं का कुठं?” त्यावर प्रल्हादनं मागं वळूनही पाहिलं नव्हतं. घरी जाईन तर पोथी हातात आल्यावर, नाहीतर नाही. मनाशी असा खुंटा ठोकून बसला होता तो.

आज तो रिकाम्या हातानं आलाच नव्हता. त्यानं एक गाठोडं आक्कांपुढं ठेवलं आणि सोडलं.

पितळ. घासूनपुसून लख्ख केलेलं, उन्हात डोळ्यांना टोचणारं.

“हे काय रे?”

“कीबोर्डच्या टोप्या. अक्षरांच्या सत्तेचाळीस आणि खालची लांब पट्टी. शब्द तोडायला दाबतो ती. तुमच्या प्लास्टिकच्या पार झिजल्यात, आक्का. अक्षरं दिसत नाहीत.”

“मला कुठं बघावी लागतात?”

“पण पुढच्याला लागतील.”

“पुढच्याला.” आक्कांनी शेंग तोंडात टाकली. “तुला फार काळजी त्या पुढच्याची.”

दारात बसलेले काशिनाथबुवा खोकल्यासारखं हसले. प्रल्हादचे कान तापले.

“अकरा महिने खपलोय मी. एकेक टोपी हातानं कापली, कानशीनं घासली. भांड्यावर नाव घालतात तशी छिन्नीनं अक्षरं घातली.”

आक्कांनी लांब पट्टी उचलली. तळहातावर खालीवर केली.

“जड आहे.”

“भरीव आहे.” प्रल्हादची छाती फुगली. “आमच्या घरी पातळ माल निघत नाही. पातळ पितळ म्हणजे गिऱ्हाइकाशी लबाडी. वजन म्हणजे इमान, असं आमचा आजा म्हणायचा.”

“आणि भरीव घागरीत पाणी कुठं ओतता रे तुम्ही?”

काशिनाथबुवा आता उघड हसले. प्रल्हादनं दात आवळले. उत्तर द्यावं असं पुष्कळ वाटलं, पण आज भांडून चालणार नव्हतं.

…

“बसव,” आक्का म्हणाल्या.

“काय?”

“टोप्या. इथं, माझ्यासमोर. सगळ्या बसल्या की पोथी उघडू. कुणाच्या हाती जायची ते तेव्हाच कळेल.”

प्रल्हादनं कीबोर्ड आणला आणि मांडी घातली. दोऱ्याचा फास करून जुनी टोपी उचलायची, अशी आक्कांचीच युक्ती. टप्… टप्… एकेक निघत गेली. खाली नऊ वर्षांची धूळ, पांढरे केस, शेंगांची टरफलं. आणि प्रत्येक टोपीखाली फुलीच्या आकाराची प्लास्टिकची दांडी, बाभळीच्या काट्याहून नाजूक.

तिथंच खरी मेख. पितळेतली खाच तसूभर मोठी झाली तर टोपी डुगडुगते. तसूभर लहान झाली तर दांडी मोडते. पितळ काही हटत नाही. मोडायचं ते खालच्यानंच.

पहिली टोपी बसली. दुसरी, तिसरी. दहावीला त्याला घाम फुटला. आक्का बघत होत्या. शेंगा फोडायच्या थांबल्या नव्हत्या, पण नजर त्याच्या अंगठ्यावर.

विसाव्या टोपीला काशिनाथबुवा म्हणाले, “पाणी आणू का रे?”

“नको.”

“तुला नाही, कीबोर्डाला. त्याचं तोंड सुकलंय.”

प्रल्हादनं वर पाहिलं नाही.

एकेचाळिसावी टोपी अडली. ‘भ’ची. अंगठा लावला, सरकेना. दुसरा अंगठा लावला.

कुर्र…

आक्कांच्या हातातली शेंग फुटता फुटता राहिली.

ही एक दांडी मोडली की संपलं. ‘भ’ नाही तर पोथी कसली? त्यानं टोपी हळूच उचलली. दांडीवर पांढरा ओरखडा, पण शाबूत होती. त्यानं कनवटीची बारीक कानस काढली आणि दांडीला लावली.

“काय घासतोस?”

“दांडी. ही एक जरा जाड आहे, आक्का. दोन हात मारले की होईल.”

“कोण कुणाच्या घरी आलंय?”

…

कानस दांडीवर तशीच टेकलेली. प्रल्हादच्या कपाळावरचा थेंब नाकाच्या शेंड्याशी आला आणि लोंबकळला.

आपण अकरा महिने घासलेल्या टोपीत चूक असेल, हे त्याच्या जिवाला पटत नव्हतं. पण त्यानं कानस उचलली. टोपी उलटी केली. खाचेतून दोनदा फिरवली, फुंकर मारली.

‘भ’ बसला.

आक्कांनी पुढची शेंग फोडली.

शेवटी उरली लांब पट्टी. तिला मध्ये दांडी आणि दोन्ही टोकांना खुंट, तिन्ही ठिकाणी एकदम बसायला हवी. प्रल्हादनं दोन्ही तळहातांनी सारखा भार दिला. खट्. एकाच आवाजात बसली. मापात केसाचाही फरक नाही.

काशिनाथबुवांच्या तोंडूनसुद्धा निघून गेलं, “वा!”

सोन्याच्या दातांनी हसावं तसा कीबोर्ड दिसत होता. प्रल्हादला एकाएकी हलकं वाटलं. बापानं हे पाहायला हवं होतं. साऱ्या आळीनं पाहायला हवं होतं.

आक्कांनी शेजारच्या कॉम्प्युटरच्या पडद्यावर माउसनं पोथी उघडली. तीनशे बारावं वचन, शेवटचा शब्द, आणि त्याच्यापुढं लुकलुकणारी उभी रेघ. प्रल्हादनं कीबोर्डची वायर जोडली, हात जोडले आणि डोळे मिटून गुरूंचं नाव घेतलं.

डोळे उघडले तर रेघ जागेवर नव्हती.

ती पळत होती. ओळीच्या टोकाला गेली, खाली उतरली, पुन्हा पळाली. कुणाचंही बोट कुठं नव्हतं.

प्रल्हादनं खाली पाहिलं. म्हैस डबक्यात बसावी तशी लांब पट्टी आपल्याच भारानं खाली बसली होती. कळीच्या पोटातली स्प्रिंग नऊ वर्षांची, दमलेली. त्यानं लांबी-रुंदी सगळी जुन्या टोप्यांवरून घेतली होती. वजन कुणी घेतलंच नव्हतं.

“आक्का!” तो झेपावला.

आक्कांचा डावा हात त्याच्या मनगटावर पडला. सत्तरीची बाई, पण पकड सांडशीसारखी.

“राहू दे.”

“अहो, पोथीत चाललंय ते!”

“दिसतंय मला.”

“सगळं रिकामं चाललंय!”

“एखादं अक्षर चुकलं का त्यात?”

…

“नाही.”

“मग ओरडतोस कशाला?”

पडद्यावरचं पान भरलं. म्हणजे भरलं कसलं, कोरंच संपलं. दुसरं सुरू झालं.

काशिनाथबुवा उठले. “आक्का, मी वायर काढतो.”

“तू बस. शेंगा घे.”

बुवा बसले. शेंगेला मात्र हात लावला नाही.

तिसरं पान. प्रल्हादला वाटलं आपल्या छातीवरच कुणी ती पट्टी ठेवलीय. दुसरा हात मोकळा होता त्याचा. एक हिसका दिला असता तर काम झालं असतं. हात उचललाही. पण आक्का त्याच्याकडे बघतच नव्हत्या, पडद्याकडे बघत होत्या, ओठ हलवत. हात तसाच खाली आला.

“कोण लिहितंय?” आक्कांनी विचारलं.

“कुणी नाही.”

“नीट बघ.”

…

“पट्टी.”

“तिला कुणी सांगितलं?”

“कुणी सांगायला कशाला हवं? वजन आहे तिला.”

“कुणी घातलं?”

चौथं पान संपलं.

“मी,” तो म्हणाला.

“मग हात कुणाचा?”

आधी त्याला कळलंच नाही. काशिनाथबुवांना कळलं. ते उठले, प्रल्हादपुढं आले आणि वाकून त्याला नमस्कार केला. चेहऱ्यावर थट्टा नव्हती.

तेव्हा लख्खकन उजेड पडला. ज्या हातानं पोथीत उमटवलं, पोथी त्याची. सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते मिळालं होतं. आणि मिळालं ते हे असं.

“असं नको, आक्का!” तो कळवळला. “असं नकोय मला!”

“सकाळपासून तूच मागत होतास ना?”

“मागत होतो. पण…”

“पण काय? तुझ्या मनाजोगती येईल तेव्हाच घेणार होतास?”

…

पाचवं पान गेलं. सहावं गेलं. प्रल्हादचा मोकळा हात मांडीवर पडला. मग खांदे उतरले. आक्कांच्या पकडीतला हातही ढिला पडला, ओढायचा थांबला.

तेव्हा कुठं आक्कांनी मनगट सोडलं. त्यावर बोटांचे लाल वळ उठले होते. त्यांनी दोऱ्याचा फास घेतला, पट्टीखाली सरकवला आणि डाव्या हातानं वर ओढला. पट्टी निघाली, फरशीवर पडली आणि देवळातल्या घंटेसारखी घुमली. काय पितळ होतं! आवाज निमायलाच तयार नाही.

रेघ थांबली. सातव्या पानाच्या तळाशी.

“पुसू द्या,” प्रल्हाद पुटपुटला. “एवढी एक वेळ.”

“काशिनाथ, पुसायची कळ कुठंय रे?”

“चुलीत गेली, आक्का. कवाच.”

मग प्रल्हादनं डोळे पुसले. पट्टी निघालेल्या त्या उघड्या दांडीवर त्यानं अंगठा टेकवून पाहिला, हलकेच उचलला. दांडी वर आली. त्यानं जुनी पोथी जवळ ओढली, तीनशे तेरावं वचन काढलं. पानाची भुकटी बोटांना लागली. त्यानं हात अक्षरांवर नेले.

आक्का उठल्या. ओच्यातली टरफलं अंगणात झटकली आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या,

“थांब. आधी ती सात पानं वाच. वाचून झाल्याशिवाय पुढं लिहू नकोस.”