तकियातली बाटली

शुक्रवार, सकाळी साडेदहाची वेळ. निंबळखेडच्या कबरस्तानाला लागून असलेला तकिया, म्हणजे फकिराची राहायची जागा.

“घेण्यासारखी आहे की नाही, एवढंच सांगा बाबा. उपदेश नको.”

बाबा म्हणजे मस्तानशाह. गावातल्या मयतांना शेवटची आंघोळ घालणारे, कफन बांधणारे. विचारणारा निरंजन उगले. परदेशात शिकून आलेला, गावाबाहेरच्या दारूच्या कारखान्याचा मालक. पोरवयात तो याच ओट्यावर बाबांच्या पायाशी बसायचा. आज आल्याआल्या त्याने खुर्ची मागितली. खुर्ची नव्हती, म्हणून तो उभाच राहिला.

चटईवर त्याने चार बाटल्या मांडल्या होत्या. दालचिनीची व्हिस्की, मधाची, कॉफीची, संत्र्याची.

अडचण त्याने न लाजता सांगितली. पिंजारवस्तीत दारू पिऊन माणसं मेली, त्याला दोन महिने होत आले. पोलिसांनी हातभट्टीवाल्या हुसेनला आत टाकलं, प्रकरण मिटलं. पण तेव्हापासून कारखान्याच्या मालाला दुकानदार हात लावेनात. बाबा तरुणपणी पीत होते, हे सगळ्यांना ठाऊक. सोडली तीही गावासमोर. त्यामुळे या बाबतीत त्यांच्या शब्दाला वजन होतं. बाबा नुसतं ‘हरकत नाही’ म्हणाले, तरी माल उठेल. नाही म्हणाले, तर कारखान्याला टाळं.

बाबांनी संत्र्याची बाटली उचलली, उन्हात धरली.

“घरी हीच पितोस?”

निरंजन हसला. घरी जुनी असते म्हणाला, लाकडी पिंपात वर्षानुवर्षं मुरलेली.

“तिच्यात संत्रं घालतोस?”

“वेड लागलंय का बाबा? चांगल्या मालाची माती कोण करेल?”

“मग कशात घालतोस?”

...

निरंजनने घड्याळाकडे पाहिलं. मग त्याने बाजार समजावून सांगितला. नवशिक्याला कडू घोट उतरत नाही, बायकांना उग्र वास नको असतो, लोकांना सारखं काहीतरी नवं हवं असतं. मुंबईत अशा बाटलीला जादा पैसे मोजतात. बाबांना यातलं काय कळणार, हे तो तोंडाने म्हणाला नाही, चेहऱ्याने म्हणाला.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. मग उठले. कोपऱ्यात कफनाचं गाठोडं होतं, त्यातून थोडा कापूस काढला, दोन बोळे वळले आणि त्याच्यापुढे धरले.

“नाकात घाल. मग पी.”

“हे तर मयताचं...”

“कापूसच आहे. शिकलेला माणूस कापसाला भितो?”

टोमणा वर्मी लागला. निरंजनने बोळे नाकात कोंबले. प्यायची त्याला भीती नव्हती. ही बाटली वस्तीतल्या मरणांनंतर भरलेल्या नव्या टाकीतली होती. त्याने झाकणभर ओतली आणि घशात टाकली.

घसा जळत गेला. डोळ्यांत पाणी आलं.

“चव?”

“नुसता जाळ.”

“संत्रं?”

त्याने जिभेवर शोधलं. मग मान हलवली. नाही.

“मग गिऱ्हाईक पैसे कशाचे देतं?”

...

निरंजनचा आवाज चढला. कापसामुळे तो गेंगाणा येत होता. वास नकली असेल, पण वासाने कुणी मरत नाही, असं तो म्हणाला. वस्तीतले मेले ते हुसेनच्या सडक्या गुळाच्या दारूने. सरकारी अहवालात तसं छापलेलं आहे, वर सही-शिक्का आहे. आता गावाला काय सांगायचं ते बाबांनी ठरवावं, त्याला वेळ नव्हता.

बाबा जवळ आले. त्याच्या नाकातले बोळे त्यांनी आपल्या बोटांनी हलकेच काढले. रोजच्या सवयीचा हात होता तो.

“ठरवायचं काय, बेटा...”

बोळे त्यांनी चटईवर, संत्र्याच्या बाटलीशेजारी ठेवले.

“पिंजारवस्तीच्या मयतांना आंघोळ मीच घातली. नाकात कापूस घालायला वाकलो, तेव्हा एकेकाच्या तोंडाला संत्र्याचा वास येत होता.”