राजाचं काळवंडलेलं घंगाळ

लहानांनो आणि थोरांनो, ही गोष्ट इतकी जुनी आहे की तिच्यातल्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही. खाडीच्या काठी त्याचं छोटंसं राज्य होतं. हवा खारट आणि दमट. भिंतींना ओल यायची, मिठाला पाणी सुटायचं आणि घराघरातलं पितळ चार दिवसांत काळवंडायचं.

राजा तरुण होता, पण मनाचा फार भित्रा. त्याचे वडील जेवता जेवता अचानक गेले, तेव्हापासून त्याला जिकडेतिकडे घात दिसू लागला होता. या भीतीच्या जोरावर आपलं वजन वाढवायचं म्हणून एकदा कारभारी त्याच्या कानाशी लागला. "महाराज, ज्या घरात राजाविरुद्ध कट शिजतो, त्या घरातलं पितळ काळं पडतं."

राजाला ते पटलं. भ्यालेल्या माणसाला पुरावा लागत नाही. दुसऱ्याच दिवशी दवंडी पिटली गेली. शिपाई कधीही दारात येतील, घरातली भांडी बाहेर मांडायला लावतील. ज्यांचं पितळ काळं निघेल, त्यांना खाडीपलीकडच्या दलदलीत हाकलून देतील. जो भांडी लपवेल, त्यालाही.

पितळ हवेनं काळं पडतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण बोलणार कोण? जो बोलेल तोच कटातला ठरणार. म्हणून माणसं दारं लावून राखेनं भांडी घाशीत बसली. राखेनं वरचा मळ निघे, मुरलेला काळेपणा मात्र तसाच राही. शेजाऱ्यानं शेजाऱ्याकडे जाणं सोडलं. गल्लीत पावलं वाजली की बोलणारे मध्येच गप्प होत.

त्या गावात धुरपा नावाची एक बाई राहायची. वीस वर्षं ती राजवाड्यातली भांडी घासत होती. मुरलेलं पितळ कसं उजळायचं, हे तिच्या हातांना ठाऊक होतं. चिंचेच्या कोळात मीठ कालवायचं, काथ्यानं चोळायचं, लगेच भरपूर पाण्यानं धुवायचं आणि कोरड्या फडक्यानं पुसून घ्यायचं. चिंचेचा अंश राहिला की पितळ उलट हिरवं पडतं. राजाला अंघोळीसाठी एक मोठं पितळी घंगाळ होतं. न्हाणीच्या ओलाव्यात ते रातोरात काळवंडायचं, पण रोज पहाटे धुरपाच ते घासायची, म्हणून राजाला ते कायम सोन्यासारखं दिसायचं.

दवंडीच्या दिवशी कारभाऱ्यानं तिला गाठलं. "राजवाड्यातलं पितळ कधी काळं पडत नाही. ध्यानात आलं? पडतं असं कुणाच्या कानी गेलं, तर तुझी जीभ जागेवर राहणार नाही."

धुरपानं मान हलवली. मग खाली मान घालून ती घरी आली.

तिच्या शेजारी बायजा राहायची, आपल्या म्हाताऱ्या सासऱ्याबरोबर. त्या संध्याकाळी ती धुरपाच्या दाराशी आली. पदराखाली घागर होती, खांद्यापर्यंत काळी पडलेली.

"मावशी, तुम्ही राजवाड्यातली भांडी घासता. ही कशानं निघेल, सांगा ना. राख लावून लावून माझी बोटं सोलली."

धुरपाच्या ओठांवर उत्तर आलं होतं. पण सांगितलं आणि बायजानं विहिरीवर कुणाला म्हटलं तर? मग लोक विचारतील, राजवाड्यात चिंच कशाला लागते?

"मला नाही गं ठाऊक," ती म्हणाली आणि तिनं दार लोटून घेतलं.

बायजानं कुठूनतरी ऐकलं की आंबट लावून बघ. तिनं घागरीला चिंच फासली. तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी शिपाई आले. धुवायला वेळ कुठला! तिनं घाईघाईनं ओल्या फडक्यानं पुसून घागर घरात ठेवली. पुसलं म्हणजे झालं, असं तिला वाटलं. शिपाई घरं बघत बघत दुसऱ्या दिवशी तिच्या दाराशी पोचले, तेव्हा घागरीवर जागोजाग हिरवे डाग उमटले होते.

"काळं तर काळं, इथं विषच वर आलंय!" शिपाई ओरडला.

"अहो, चिंच आहे ती! चिंचेचे डाग आहेत!" बायजा ओरडत राहिली. तिच्या सासऱ्याला दोघांनी काखेत धरून उचललं. त्याची चप्पल उंबऱ्यातच राहिली. धुरपा आपल्या दाराच्या फटीतून बघत होती. हात कडीवर होता, पण कडी काही तिनं काढली नाही.

दहा दिवस गेले. आणखी सात घरं रिकामी झाली. अकराव्या पहाटे धुरपा घंगाळापुढे बसली. अर्धं घंगाळ चोळून झालं आणि तिचा हात थांबला. बायजाचं ओरडणं कानातून जाईना. ती तशीच बसून राहिली. उजाडलं, आणि राजा अंघोळीला आला.

अर्धं घंगाळ पिवळंधमक, अर्धं काळं. राजाचा चेहरा उतरला. त्यानं आधी मागं वळून पाहिलं, कुणी उभं तर नाही ना म्हणून.

"माझ्याच घरात?" त्यानं विचारलं.

आवाज ऐकून कारभारी धावत आला. "महाराज, ही बाई करणी करतेय!"

धुरपा घंगाळाजवळून हलली नाही. ती बोलली. "महाराज, हे घंगाळ रोज काळवंडतं. मी रोज घासते, म्हणून तुम्हाला दिसत नाही. इथल्या हवेचा गुण आहे तो. माझं खोटं वाटत असेल, तर तुमच्या हातानं चोळून बघा."

तिनं चिंचेचा गोळा पुढे धरला. राजानं बराच वेळ हात लावला नाही. मग दोन बोटांनी तो उचलला आणि काळ्या भागावर घासला. बोटाखाली पिवळी रेघ उमटली. त्यानं पुन्हा घासलं. रेघ रुंद झाली. राजा भिंतीला टेकून खाली बसला.

"मी किती घरं हाकलली?" त्यानं विचारलं.

त्याच दिवशी हुकूम मागे घेतल्याची दवंडी फिरली आणि होड्या खाडीपलीकडे गेल्या. कारभाऱ्याला राज्याबाहेर काढलं. सात घरं पुरती परत आली. बायजा मात्र एकटीच उतरली. दलदलीतल्या तापानं तिचा सासरा पाचव्या दिवशीच गेला होता.

धुरपा तिच्या दाराशी गेली आणि तिनं सगळं सांगितलं. काहीही लपवलं नाही.

बायजानं ऐकून घेतलं. "मावशी," ती म्हणाली, "राजापुढे उभं राहायचं धाडस होतं तुमच्यात. मग मी तुमच्या दारात आले, तेव्हा ते का नव्हतं?"

धुरपा राजवाड्यात मानानं आणखी पुष्कळ वर्षं राहिली, पण बायजाच्या दारावरून जाताना तिची मान कधी वर झाली नाही.

बोध: भीतीपोटी गिळलेलं खरं शेजाऱ्याच्या घरावर संकट होऊन कोसळतं.