पाचवे चाक

“...म्हणजे इतकी वर्षे प्रत्येक गाडी ते पाचवे चाक उगाचच वाहत होती?”

“उगाचच, महाराज!” घाटातले वळण घेत हेमंतराव कुलथे म्हणाले.

ते मोटारींच्या कारखान्यात अभियंता होते. नव्या गाडीतून स्टेपनी काढून टाकण्याची कल्पना त्यांचीच, आणि तिचा त्यांना कोण अभिमान!

“वजन घटले की तेल वाचते.”

“आणि टायर फुटला तर?” शेजारी बसलेल्या अच्युतबुवांनी विचारले.

“फेसाची बाटली दिली आहे. छिद्र आपोआप बुजते.”

दोघे गावी निघाले होते. तिथे आज हेमंतरावांच्या वडिलांचे सहस्रचंद्रदर्शन होते. बुवा त्यांचे गुरू; बुवांनी हात धरल्याशिवाय पाटावर बसायचे नाही, असा म्हाताऱ्यांचा हट्ट होता.

पुढच्याच वळणावर दगडाची धार लागली. टायरची कूस वीतभर फाटली. हेमंतरावांनी बाटली रिकामी केली. फेस उतू गेलेल्या दुधासारखा रस्त्यावर पसरला.

“जॅक?” बुवांनी विचारले.

“स्टेपनीच नाही, तर जॅक कशाला, म्हणून...”

टोचन करणारी गाडी संध्याकाळी येईल, असे फोनवर कळले. भटजींचे तर दोन फोन येऊन गेले होते. हेमंतराव गाडीभोवती येरझारा घालू लागले. बुवा मात्र कठड्यावर बसून वारा खात होते.

“आता तेल किती पिते रे ही?”

“...मुळीच नाही, महाराज.”

“छान.”

तेवढ्यात कोथिंबिरीचा एक टेंपो थांबला. चालकाने खिडकीतून मान बाहेर काढली.

“बिनस्टेपनीची दिसतीया! माझ्या मेव्हण्यानं हीच घेतलीय. घाट चढायचा म्हटलं की शेजाऱ्याचं चाक उसनं आणून डिकीत टाकतो. बॅगा मग बायकोच्या मांडीवर. रोज शिव्या खातो बिचारा. कुण्या शहाण्यानं काढली, कोण जाणे!”

हेमंतरावांनी बुवांकडे पाहिले. बुवा दरीकडे पाहत होते.

“...मी,” हेमंतराव म्हणाले.

चालक खो खो हसला.

“मग साहेब, तुम्ही मागंच चढा! पुढं आधीच तिघं हायत. बाबा, तुम्हाला चालंल का मागं?”

बुवा तोवर चढलेसुद्धा होते.

टेंपो गावच्याच वाटेने निघाला. कोथिंबिरीचा वास दाटला होता. वडिलांना आता फार ताटकळावे लागणार नव्हते. दांडी धरून उभ्या असलेल्या हेमंतरावांना, कबुली दिल्यापासून, कसे कोण जाणे, बरे वाटत होते. मग त्यांचे लक्ष खाली गेले. जुड्यांच्या मधोमध टेंपोची स्टेपनी आडवी टाकलेली होती, आणि तिच्यावर बुवा मांडी घालून स्वस्थ बसले होते.

“महाराज... आपल्याला हे असले आसन! मला लाज वाटते.”

बुवांनी डोळे मिटले.

“रिकामेच पडले होते... बसलो.”