अर्ध्या मणाचा धोंडा

खूप जुन्या काळी, माणसं आपल्याच सावलीकडे बघून वेळ सांगत होती तेव्हा, डोंगरांच्या कुशीत एक राज्य होतं. राज्य लहान, पण न्यायाचा थाट मोठा. राजवाड्यासमोरच्या चावडीत एक भलामोठा तराजू टांगलेला असे. त्याच्या एका पारड्यात कायम अर्ध्या मणाचा काळा धोंडा बसलेला. दुसरं पारडं रिकामं. ते गुन्ह्यासाठी.

तिथला कायदा असा होता. चोरलेली, मोडलेली किंवा फसवून गळ्यात मारलेली वस्तू त्या रिकाम्या पारड्यात घालायची. पारडं खाली गेलं की गुन्हा मोठा, आणि गुन्हेगार बारा वर्षं किल्ल्याखालच्या तळघरात. पारडं वरच राहिलं की गुन्हा किरकोळ. मग गुन्हेगाराने सूर्य डोक्यावर येईपर्यंत चावडीच्या पायरीवर उन्हात बसायचं आणि धोतर झटकून घरी जायचं.

हसू नका. त्या राज्यात कुणी हसत नव्हतं. लहानपणापासून जे बघावं त्याचं माणसाला हसू येत नाही.

तराजूपाशी एक मापाडी उभा असे. पारडं स्थिर झालं की तो हाळी देई, ‘मोठा!’ किंवा ‘किरकोळ!’ धान्याच्या बाजारात मापाड्याने एकदा माप पुकारलं की ते कुणाला फिरवता येत नाही, तीच रीत इथेही होती. त्याची हाळी खुद्द राजालाही फिरवता येत नसे.

या मापाड्याने तीस वर्षं हाळी दिली होती आणि एकदाही चुकीची दिली नव्हती. याचा त्याला अभिमान होता. एका माणसाने भाऊबंदकीच्या रागात जळता निखारा टाकून अख्खी आळी पेटवली. पारड्यात पडली चिमूटभर राख. मापाडी म्हणाला, ‘किरकोळ!’ एका हमालाने ओढ्याकाठी पडलेला फुटका पाटा उचलून दाराशी पायरी म्हणून टाकला. पाटा निघाला सरकारी. मापाडी म्हणाला, ‘मोठा!’ तो हमाल काळ्या मिशांनी तळघरात गेला आणि पांढऱ्या मिशांनी बाहेर आला.

त्या दिवशी मापाड्याने ताटातलं काही खाल्लं नाही. बायकोने विचारलं तेव्हा तो म्हणाला, “मी काय करू? मी फक्त पारडं बघतो.”

“बघा की,” बायको म्हणाली. “पण देवाने डोळे दिलेत, तर आजूबाजूचंही थोडं बघत चला.”

मापाड्याने ताट सारलं आणि हात धुतले.

एके दिवशी सकाळी चावडीत एकाच गावाहून दोन माणसं आणली गेली. एक होती डोंगरपायथ्याची बाई. अंगावर विटकं लुगडं, हात दोरीने बांधलेले. तिच्याबरोबर दोन शिपायांनी एक अर्धवट जळालेला ओंडका वाहून आणला होता. दुसरा होता त्या गावचा वैद्य. त्याचे हात बांधलेले नव्हते. त्याच्याबरोबर गावकऱ्यांनी एक कागदाची पुडी आणली होती.

राजा गादीवर बसला होता. शेजारी प्रधान होता. प्रधानाला कायदा तोंडपाठ होता आणि त्यापलीकडे त्याला काहीही ठाऊक नव्हतं.

“बाईचा गुन्हा सांगा,” प्रधान म्हणाला.

वनरक्षक पुढे आला. “महाराज, या बाईने सरकारी रानातला ओंडका ओढून नेला. मातीत ओरखडा उठला होता. त्यावरून माग काढत मी हिच्या झोपडीपर्यंत गेलो.”

“का नेलास गं?” राजाने विचारलं.

बाई म्हणाली, “पोरीला ताप व्हता, महाराज. वैद्यबुवांनी पुडी दिली. म्हनाले, दोन दिस, दोन रात मंद आचेवर काढा उकळायचा, आग इझू द्यायची न्हाई. घरात सरपान कुठलं? रानात वाळकं झाड पडलं व्हतं. वढत आनलं.”

“मग बरी झाली का पोर?”

बाईने मान खाली घातली. “तिसऱ्या दिशी गेली. येसू नाव व्हतं तिचं.”

या गोष्टीत राजाला नाव नाही, प्रधानाला नाही, मापाड्यालाही नाही. नाव आहे ते फक्त येसूला. ती सहा वर्षांची होती, आणि तिचं नाव कुणीतरी लक्षात ठेवायला हवं.

मग गावकऱ्यांनी आपलं गाऱ्हाणं मांडलं. एकट्या येसूचं नव्हे, गावातली तीन पोरं त्या पुडीने गेली होती. पुडीत औषध नव्हतंच. भिंतीचा चुना खरवडून त्यात रंगाऱ्याकडचा हरताळ मिसळला होता, पिवळाधमक दिसावा म्हणून. हरताळ हे विष असतं हे शेंबड्या पोरालाही कळतं, वैद्याला कळत नव्हतं असं कोण म्हणेल? त्याच्या स्वतःच्या घरची पोरं त्याच तापाने फणफणली तेव्हा त्याने घोडेस्वार पाठवून शेजारच्या राज्यातून खरं औषध आणवलं होतं. आणि या बाईकडून एका पुडीचं मोल म्हणून त्याने तिची एकुलती एक शेळी सोडून नेली होती.

“हे खरं आहे?” राजाने विचारलं.

वैद्य जराही गडबडला नाही. त्याने उपरणं सावरलं आणि म्हणाला, “महाराज, खरं-खोटं कशाला उगाळायचं? पुडी समोर आहे. तोलावी. माझी कायद्यावर पूर्ण श्रद्धा आहे.”

असते बरं अशा लोकांची श्रद्धा! कायदा ज्याच्या घरी पाणी भरतो, त्याने कायद्याला हात जोडायला काय जातं?

प्रधानाने मापाड्याला खूण केली. शिपायांनी आधी ओंडका पारड्यात टाकला. तराजू करकरला. धोंड्याचं पारडं वर गेलं आणि ओंडक्याचं जमिनीला टेकलं. मग ओंडका उतरवून पुडी ठेवली. पारडं जिथल्या तिथे वरच राहिलं. वाऱ्याने पुडीचा कागद फडफडला, एवढंच.

“एकाच प्रकरणातले दोन्ही गुन्हे तोलून झाले,” प्रधान म्हणाला. “मापाडी, हाळी द्या.”

वैद्य तोवर पायरीकडे वळलासुद्धा होता. जाता जाता त्याने आपल्या गड्याला सांगितलं, “छत्री आण रे. ऊन फार झालंय आज.”

मापाड्याने ते ऐकलं. तीस वर्षांत त्याने असं पुष्कळ ऐकलं होतं. पण आज त्याच्या कानशिलात काहीतरी तडतडलं. त्याने हाळी दिली नाही.

“महाराज,” तो म्हणाला, “एक विचारू? या बाईने एक पडलेलं लाकूड नेलं. रानाचं काय बिघडलं? वाळवीचं जेवण तेवढं गेलं. आणि या माणसाने जाणूनबुजून तीन घरांतली पोरं मारली. आपण तिला बारा वर्षं कोंडायचं आणि याला दुपारच्या जेवणाला घरी सोडायचं?”

“तुझं काम पारडं बघणं,” प्रधान खेकसला. “रडणं, उसासे, हळहळ यांना वजन नसतं. मोजता येतं ते मोजायचं. शेळी बाईने मोल म्हणून दिली, ती चोरी नव्हे. गावकऱ्यांना एवढंच वाटत असेल तर वैद्याने दुसरं काय चोरलं ते दाखवावं, तेही तोलू.”

तेव्हा ती बाई पुढे आली. तिच्या आवाजात रडू नव्हतं. रडून झालं होतं तिचं.

“परधानजी, तुमचं समाधान व्हत असंल तर माजी येसूच घाला की पारड्यात,” ती म्हणाली. “पर तरी ते वरच ऱ्हाईल. तापानं तिच्या अंगावर काय उरलंच नव्हतं. म्या एका हातावर उचलून न्हेली तिला. त्या वंडक्याला दोन्ही हात लागलं व्हतं.”

प्रधानाने नजर दुसरीकडे वळवली.

मापाड्याने धोंड्याकडे पाहिलं. अर्धा मण. येसू मेली तरी अर्ध्या मणाची भरत नव्हती. म्हणजे या राज्यात पोर मारणं किरकोळ आणि पोरीसाठी चूल पेटवणं मोठं! आणि हे तीस वर्षं आपण छाती पुढे काढून पुकारत आलो! त्याला स्वतःची इतकी चीड आली की डोळ्यांपुढे लाल झालं. त्या हमालाचा चेहरा आठवला, जळालेल्या आळीतल्या बाया आठवल्या. आपण त्या सगळ्यांच्या समोर उभे राहून फक्त पारडं बघत होतो.

त्याने मान वर केली आणि चावडीबाहेरच्या झाडावरचे पक्षी उडतील एवढ्या मोठ्याने हाळी दिली.

“ओंडका, किरकोळ! पुडी, मोठा!”

वैद्याच्या हातातून छत्री पडली. गड्याने ती नुकतीच आणून दिली होती.

प्रधान ताडकन उभा राहिला. “खोटी हाळी! सगळ्यांदेखत खोटी हाळी! महाराज, हाळी आता फिरवता येणार नाही, पण या मापाड्याला आत्ताच्या आत्ता तळघरात टाका. बारा वर्षं नव्हे, जन्मभर!”

“टाका,” मापाडी म्हणाला. “मी खोटं बोललो, हे कबूल. पण कायदा सगळ्यांना सारखा ना, प्रधानजी? आधी माझी हाळी पारड्यात घाला. धोंड्याहून जड भरली तर मी आपल्या पायांनी तळघरात जाईन.”

शिपायांनी एकमेकांकडे पाहिलं. मग पुडी काढून घेतली आणि रिकाम्या पारड्याकडे पाहिलं. हाळी उचलायची कशी आणि ठेवायची कशी? पारडं वरच होतं. गर्दीतून एक म्हातारी म्हणाली, “किरकोळ!” आणि त्या चावडीत पहिल्यांदा लोक हसले. हसता हसता काहींच्या डोळ्यांत पाणी आलं.

मापाडी शांतपणे जाऊन पायरीवर उन्हात बसला. छत्रीशिवाय.

राजा मात्र हसला नाही. त्याचा चेहरा पडला होता. खुद्द न्याय पुकारणारा माणूस भर दरबारात खोटं बोलतो, आणि त्याला आपण फक्त दुपारपर्यंत उन्हात बसवू शकतो! उद्या एखाद्याने लाच खाऊन अशीच हाळी दिली तर? आपण ज्याला न्याय म्हणत होतो तो एका धोंड्यावर टांगलेला आहे, हे त्याला पहिल्यांदाच दिसलं. गंमत बघा, तीन पोरं मेली तेव्हा ते दिसलं नव्हतं. स्वतःच्या गादीला धक्का लागला तेव्हा दिसलं. राजे लोकांचं असंच असतं. पण दिसलं, हेही नसे थोडके.

तो गादीवरून उतरून पायरीपाशी आला. “मापाडी, हा धोंडा इथे कुणी ठेवला?”

“माझ्या आजोबांनी, महाराज. आपल्या आजोबांच्या हुकमाने,” मापाडी म्हणाला. “तेव्हा मोठा दुष्काळ होता आणि चोऱ्या फक्त धान्याच्या होत. कुणी पोटासाठी मूठभर दाणे उचलले तर त्याला सोडून द्यावं, आणि कुणी दुसऱ्याची कणगीच रिकामी करून अख्खं घर उपाशी मारलं तर त्याला धरावं, म्हणून हा धोंडा. अर्धा मण म्हणजे एका घराचं महिनाभराचं पोट. माझे आजोबा धान्य तोलत नव्हते. त्या घरावर काय ओढवलं ते तोलत होते. आम्ही धोंडा सांभाळला आणि बाकी सगळं विसरलो.”

राजाने तिथेच हुकूम दिला. धोंडा उतरवा. उद्यापासून चावडीत आधी विचारायचं, या कृत्याने कुणाचं काय गेलं, आणि करणाऱ्याला ते ठाऊक होतं का. त्यावरून गुन्हा किरकोळ की मोठा ते ठरवायचं, वस्तू हातात मावो वा न मावो. वैद्याला त्याच पावली तळघरात नेलं. तो जाताना कायद्याबद्दल बरंच काही बोलत होता, पण त्यात श्रद्धेचा शब्द नव्हता.

मापाड्याला राजाने पुन्हा तराजूपाशी बोलावलं. त्याने हात जोडले. “नको, महाराज. कारण काहीही असो, ज्याने एकदा खोटी हाळी दिली त्याने पुन्हा हाळी देऊ नये.” आणि सूर्य डोक्यावर येईपर्यंत तो आपल्या जागेवरून हलला नाही.

बाईचे हात सोडले होते. ती घरी निघाली तेव्हा राजाला वाटलं, हिला काहीतरी द्यावं. त्याने शिपायांना तो ओंडका उचलायला सांगितला.

“बाई, हे लाकूड तुझं. माझे शिपाई तुझ्या घरापर्यंत पोचवतील. आणि शेळीही परत मिळेल.”

बाईने ओंडक्याच्या जळालेल्या टोकाकडे पाहिलं.

“शेळी द्या,” ती म्हणाली. “वंडका ऱ्हाऊ द्या, महाराज. त्याच्यावर आता कुनासाठी काय शिजवू?”

राजाने शिपायांना ओंडका खाली ठेवायची खूण केली. नवा कायदा त्याने केला होता, तो चांगलाही होता, पण येसूला त्याचा काही उपयोग नव्हता.

बोध: गुन्हा किरकोळ की मोठा हे हाती लागलेल्या वस्तूवरून नव्हे, उद्ध्वस्त झालेल्या माणसावरून ठरवावं; जो कायदा हे विसरतो, तो स्वतःच सर्वांत मोठा गुन्हा करतो.