हिरड्याचा नमुना

एका डोंगरवाडीत लुमाजी नावाचा एक भोळा मधपाळ होता. 'जरा थांब' म्हटलं की तो दिवस मावळेपर्यंत थांबायचा.

त्याच्या दारात मोठा हिरडा होता आणि हिरड्याखाली मधाच्या पेट्या. वाडीत नवा रस्ता यायचा होता आणि हिरडा नेमका त्याच्या आड येत होता. सरपंच म्हणाले, "माश्या ह्याच झाडावर जगत्यात असा कागद आण, मग रस्ता वळवू."

बायको ठकूबाई रडकुंडीला आली. "झाड गेलं तर माश्या जात्याल. मग आपण काय खायचं?"

लुमाजी तडक तालुक्याच्या प्रयोगशाळेत गेला. तिथल्या आगाशे मॅडम भल्या बाई होत्या. म्हणाल्या, "फुलांच्या परागात त्या झाडाचा डीएनए असतो. तो तपासला की माशी कुठे चरली ते कळतं. माश्यांच्या पायांवरचे पराग आणा."

लुमाजीने पराग मुठीत धरून आणले. तीन कोस चालून मुठीत घामाचा चिखल झाला होता.

"अहो, बाटलीत घालून बूच घट्ट लावायचं असतं."

"चुकलं मॅडम. फुडच्या बारीला अगदी तसंच करतो."

"राहू दे. चार जिवंत माश्याच आणा, पराग मी काढते."

लुमाजीने माश्या बाटलीत घातल्या आणि बूच घट्ट लावलं. माश्या गुदमरून मेल्या, परागांचा लगदा झाला.

"अहो, हवा नको का लागायला? जाळीच्या पिशवीतून आणायचं."

"चुकलं मॅडम. फुडच्या बारीला अगदी तसंच करतो."

"आता मधच आणा. मधातही पराग असतात."

लुमाजीने मध जाळीच्या पिशवीतून आणला. म्हणजे निघताना मध होता. पोचला तेव्हा रिकामी पिशवी होती आणि मागे मुंग्यांची रांग. मॅडमनी कपाळावर हात मारला, पण पिशवीला चिकटलेला थेंबभर मध खरवडून घेतला.

"लुमाजी, जे आणाल ते अख्खं आणायचं. वाटेत कणभरही कमी होता कामा नये."

"चुकलं मॅडम. फुडच्या बारीला अगदी तसंच करतो."

"तुमच्या दारच्या हिरड्याचा नमुना आणा. ताडून पाहते."

ठकूबाई माहेरी गेली होती, त्यामुळे अडवायला कुणी नव्हतं. लुमाजीने दोन दिवस करवत चालवली. मग भावकीतल्या बबनचा ट्रॅक्टर आणला. वाटेत पान गळालं की लुमाजी खाली उतरायचा आणि उचलून परत ट्रॉलीत ठेवायचा. बबन वैतागला, पण लुमाजी शब्दाला पक्का.

प्रयोगशाळेच्या दारातून नमुना आत जाईना. शिपायाने एक पान खुडून मॅडमना नेऊन दिलं. लुमाजीला ते एक पान कमी झाल्याचं फार वाईट वाटलं. तो तीन दिवस आवारात ट्रॉलीला टेकून बसून राहिला आणि बबन ट्रॅक्टरवर.

तिसऱ्या दिवशी मॅडम कागद वाचतच बाहेर आल्या. चेहरा आनंदाने फुलला होता.

"लुमाजी, जिंकलात तुम्ही. पराग ह्याच हिरड्याचे आहेत. सरपंचांना लिहून देते, या झाडाला कुणी हातसुद्धा लावायचा नाही."

लुमाजीचे डोळे भरून आले. तो बबनकडे वळला.

"ऐकलंस न्हवं? आता घरी उतरवताना हात लावू नगंस."