राजा बसला पत्र्यावर

"पिंपळपानासारख्या पातळ तांब्याच्या पत्र्याचं आसन हवं. आत लाकूड नको, दगड नको. मी बसल्यावर पत्रा वाकता कामा नये. वाकला, तर तांबट आळी उठेल आणि तिथे माझे हत्ती बांधले जातील." एवढं फर्मावून राजा हंबीरसेन मोकळा झाला.

राजाला नादच तसा. त्याच्या विद्यापीठात एक खास दाबशाळा होती. तिथे दंडपाणिशास्त्री पातळ पत्र्याच्या नळ्या उभ्या करायचे, वर वजनं ठेवायचे आणि कोणती नळी केव्हा चेपते ते बघायचे. वजनं कमी पडली की राजा स्वतः बसायचा. त्याच्यापुढे आजवर एकही नळी टिकली नव्हती.

म्हादबा तांबटाने डोक्याला हात लावला. त्याची नवी सून चिमा आत खळीचं कोरं लुगडं नेसत होती. निऱ्या काढता काढता तिचा हात थांबला. मघाशी खाली लोळणारं कापड निऱ्या पडताच ताठ उभं होतं.

ती दाराआडून म्हणाली, "मामंजी, पत्र्याला निऱ्या पाडल्या तर?"

"पत्र्याला काय लुगडं नेसवतेस?" म्हादबा करवादला. पण हातोडी उचललीच. दुसरं सुचत होतं कुणाला?

दरबारात निऱ्यानिऱ्यांचं तांब्याचं नळकांडं उभं राहिलं. वर पाट ठेवला. शास्त्रीबुवा जरा लांब सरकले. राजा बसला, हलला, डुलला. पत्रा ढिम्म!

राजाचं तोंड उतरलं. मग उठून त्याने आसन जवळून निरखलं आणि तो एकदम खुलला.

"अट काय होती, म्हादबा? पत्रा वाकता कामा नये. हा तर जागोजाग वाकलाय. आणा रे हत्ती."

म्हादबाच्या मागे उभी असलेली चिमा पदर सावरत पुढे झाली.

"सरकार, अट होती तुम्ही बसल्यावर न वाकण्याची. हा आधीच वाकून आलाय."

"म्हणजे?"

"नव्या सुनेसारखा. उंबरठा ओलांडला की ती थोरामोठ्यांना आपणहून वाकून नमस्कार करते. एकदा ते उरकलं, की पुढे कुणी कितीही भार टाकला तरी वाकत नाही."

"असं? आणि यावर तुझ्या सासूबाई काय म्हणतात?"

"त्यांनी अजून बसून पाहिलं नाही, सरकार."

राजा परत आसनावर बसला तो पोट धरूनच. हसण्याने पाट गदगदला, पत्रा मात्र तसाच. तांबट आळी जागच्या जागी राहिली. दाबशाळेचं सगळं काम म्हादबाकडे आलं, चिमाच्या हातात सोन्याच्या पाटल्या आल्या, आणि तिच्या सासूबाईंना बसायला राजाने एक भक्कम सागवानी पाट धाडला.