पाण्यातलं माप

“शेपटीला धरून उचलला नाही, तर मोजायचा कसा?” श्रीरंगने विचारलं.

भिकाजीबाबांनी जाळं काठाजवळ ओढलं.

नदी आटत आली होती. वरच्या डबक्यात अडकलेले मोठे महसीर मासे मोजून, कातळापलीकडच्या वाहत्या डोहात सोडायचे होते. श्रीरंग संशोधक. दोन वर्षांत चारशे मासे मोजल्याचं तो भेटेल त्याला सांगे. त्याच्या सरांनीच त्याला भिकाजीबाबांकडे, या सत्तरीतल्या मासेमार भोयाकडे पाठवलं होतं. काय शिकायचं, ते मात्र सांगितलं नव्हतं.

जाळ्यातला सर्वांत मोठा मासा श्रीरंगने शेपटीला धरून उचलला. तापलेल्या कातळावर आडवा केला, टेप लावला. मासा उसळला, टेप सरकला. पुन्हा लावला. पुन्हा सरकला.

“श्वास रोख,” बाबा म्हणाले.

“मी?”

“तूच.”

श्रीरंगने हसत श्वास रोखला. टेप सरळ केला, डोक्याशी दाबून धरला... आकडा जुळेना. छाती दुखायला लागली. शेवटी तोंड उघडून त्याने हवा ओढली.

समोर मासाही तोंड उघडत होता.

श्रीरंगचं हसू गेलं. दोन्ही हातांनी मासा उचलून तो डोहात शिरला. मासा एका कुशीवर कलला. पांढरं पोट वर आलं.

“बाबा, मेला हा...”

“हात पोटाखाली घे. कल्ल्यांना लावू नकोस. तोंड धारेकडे कर.”

“आणि?”

“उभा राहा.”

कमरेएवढ्या पाण्यात तो उभा राहिला. बराच वेळ काहीच झालं नाही... मग कल्ला एकदा हलला. थोड्या वेळाने पुन्हा.

बाबा सावकाश पाण्यात उतरले. टेपचं एक टोक माशाच्या तोंडाशी, दुसरं शेपटीशी. पाण्यातच.

“एकोणनव्वद,” ते म्हणाले.

श्रीरंगने ऐकलं की नाही, कोण जाणे. तो कल्ले बघत होता.

मासा सरळ झाला. पाठीवरचा पर ताठ उभा राहिला. शेपटीचा एक फटका... श्रीरंगच्या तोंडावर पाणी उडालं आणि हात रिकामे झाले.

तो मटकन पाण्यातच बसला, गळ्यापर्यंत. हसत होता, आणि डोळेही पुसत होता.

“निसटला हो बाबा, हातातून.”

“निसटला नाही,” बाबा म्हणाले. “निघाला.”